गावच्या स्पर्धेत व्हिडिओ लावावा का? फायनलच्या एका गोलावरून विचारतोय

डिचोलीकर

नमस्कार मंडळी. गोव्यात डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर दर वर्षी एप्रिलमध्ये फुटबॉल स्पर्धा होते. ज्या शेतात वायंगण, म्हणजे उन्हाळी भात, करत नाहीत तिथली खोडकं छाटायची, रोलर फिरवायचा, फक्की मारून रेषा आखायच्या, आणि मेरेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून अख्खा गाव सामने बघतो. सोळा संघ, बाद पद्धत, तीस-तीस मिनिटांचे दोन हाफ. नऊ वर्षं मी सचिव आहे. मैदानापासून पाण्याच्या कॅनपर्यंत सगळं बघतो, पण यंदाच्या फायनलनंतर जे झालं त्यानंतर नीट झोप लागलेली नाही.

1-1 अशी बरोबरी, पाचेक मिनिटं उरलेली. कॉर्नर आला, हेडर बसला, बॉल आडव्या दांड्यावर आपटून खाली आला. गोलकीपरने गुडघाभर उंचीवर असतानाच त्याला थाप मारून बाहेर काढला. एका संघाने हात वर केले, दुसऱ्याने खेळ चालू ठेवला. रेफ्री पेनल्टी एरियाच्या कडेला होता. त्याने लाइनमनकडे पाहिलं, लाइनमनच्या समोर सात-आठ पोरं उभी. खेळ चालू, अशी खूण झाली. पुढे टायब्रेकर झाला आणि हात वर केलेला संघ हरला.

टायब्रेकरसाठी बॉल ठेवेपर्यंत क्लिप सगळ्यांच्या फोनवर पोचली होती. मेरेवरून कुणीतरी काढलेली. तिच्यात बॉल आणि रेषा यांच्यामध्ये चक्क मोकळी जमीन दिसते. मग सामना संपल्यावर लोक रेफ्रीवर धावून गेले. सत्तरीहून स्कूटरने आलेला पंचवीसेक वर्षांचा मुलगा. 'पयशे खाल्ले रे!' म्हणून ओरडा चालला होता. कुणीतरी त्याची स्कूटर आडवी पाडली, आरसा फुटला. मी आणि आणखी दोघांनी त्याला मधे घेऊन मांडवात आणलं. तो एवढंच म्हणाला, 'काका, मला आत गेलेला दिसला नाही. दिसलं नाही ते देऊ कसं?' मानधनाचं पाकीट टेबलावर ठेवून तो गेला. ते पाकीट अजून माझ्या कपाटात आहे, पावतीपुस्तकांच्या शेजारी.

मोठ्या सामन्यांत व्हीएआर असतो, म्हणजे पडद्यावर चित्रफीत बघणारे पंच रेफ्रीला कानात चूक सांगतात. आता समितीत अर्धे जण म्हणतात पुढच्या वर्षी आपला व्हीएआर करू. दोन फोन स्टँडवर, मांडवात एक टीव्ही, वाद झाला की रेफ्रीने येऊन बघायचं. टीव्ही द्यायला एक दुकानदार तयार आहे. मला हे पटतं. पण मोठ्या जगातच अजून यावर एकमत नाही, हेही दिसतं. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये 2024 साली वुल्व्हज या क्लबाने व्हीएआर काढून टाका असा ठराव आणला, 20 पैकी 19 क्लबांनी तो फेटाळला. स्वीडनमध्ये त्याच वर्षी क्लबांनी उलट ठरवलं, आम्हाला हे नकोच. मग आमच्यासारख्यांनी काय करावं? ज्यांनी मैदानावर काम केलंय त्यांनी कृपया मनापासून सांगा.

पूर्व_स्टँड_फातोर्डा

डिचोलीकर, यात विचारायचं काय? लावा. कालच लावायला हवा होता.

मी फातोर्ड्याला एफसी गोवाचा जवळजवळ प्रत्येक घरचा सामना बघतो आणि आयएसएलला, म्हणजे आपल्या देशाच्या मोठ्या लीगला, व्हीएआर का नाही, हा प्रश्न दर मोसमात जिवाला लागतो. पण खरी जखम देशाच्या सामन्याची आहे. 11 जून 2024, दोहा. वर्ल्ड कप पात्रता फेरी, कतारविरुद्ध छांगतेच्या गोलने आपण 37व्या मिनिटापासून 1-0 पुढे. सामना जिंकला असता तर पहिल्यांदाच तिसरी फेरी. 73व्या मिनिटाला आपला गोलकीपर गुरप्रीतने हेडर अडवला, बॉल गोलरेषेपलीकडे बाहेर गेला, कतारच्या खेळाडूने पायाने तो परत ओढला आणि दुसऱ्याने जाळ्यात मारला. बाहेर गेलेला बॉल! आमची पोरं खेळ थांबला म्हणून उभी राहिली होती. रेफ्रीने गोल दिला. त्या फेरीत व्हीएआर नव्हता. 85व्या मिनिटाला दुसरा गोल झाला, 2-1, आपण बाहेर.

आम्ही नऊ जण एका मित्राच्या घरी बघत होतो. टीव्हीवर तिसऱ्यांदा दाखवलं तेव्हा त्याची आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, 'अरे, हो बॉल भायर आसा.' तिने आयुष्यात पूर्ण सामना बघितलेला नाही. तिला दिसलं. मैदानावरच्या माणसाला दाखवायची सोय नव्हती. यानंतर तंत्रज्ञानाने खेळाचा आत्मा जातो वगैरे कुणी सांगू नये.

मडगावची_स्ट्रायकर

पूर्व स्टँड, कतारचा गोल मलाही अजून खुपतो. पण मी खेळते, त्यामुळे दुसरी बाजू सांगते.

गोल झाल्यावरचे ते तीन-चार सेकंद असतात ना, तेवढ्यासाठी आठवडाभर पहाटे पाचला उठून सराव करायचा. व्हीएआर आल्यापासून खेळाडू आधी लाइनमनकडे बघतात, मग रेफ्रीच्या कानाकडे. 2022च्या वर्ल्ड कपमध्ये सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाचे पहिल्या हाफमध्ये तीन गोल ऑफसाइड म्हणून गेले. निर्णय असतील बरोबर, पण बगलेएवढ्या अंतरासाठी गोल काढून घेणं हे ऑफसाइडच्या नियमाचं मूळ काम होतं का? गोलपाशी तळ ठोकून बसणाऱ्याला रोखायला तो नियम आला.

आणि स्टेडियममध्ये बसलेल्याला काय चाललंय ते कळतच नाही, घरी बसलेल्याला सगळं कळतं. 2023च्या महिला वर्ल्ड कपमध्ये रेफ्री माइकवरून निर्णय सांगायला लागल्या, ते मला फार आवडलं. काका, तुम्ही काहीही लावा, पण निर्णय लाउडस्पीकरवरून मेरेवरच्या लोकांना सांगा. गुपचूप मांडवात जाऊन आलेल्या रेफ्रीवर लोक जास्तच संशय घेतील.

जुनी_शिटी

डिचोलीकर, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी 22 वर्षं शिटी वाजवली, आता गुडघे साथ देत नाहीत म्हणून थांबलो. थोडं लांबेल, पण सांगू द्या.

आधी एक प्रश्न. ती क्लिप नेमकी कुठून काढलीय? गोलरेषेच्या अगदी सरळ रेषेत उभं राहून, की मैदानाच्या आतल्या बाजूने? हे कळल्याशिवाय त्या मुलाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नका.

आता व्हीएआरबद्दल. नियम ठरवणाऱ्या आयएफएबीने मार्च 2018 मध्ये तो नियमावलीत घेतला आणि त्याच वर्षी रशियाचा वर्ल्ड कप त्यावर झाला. लोकांना वाटतं की तो प्रत्येक चूक पकडायला आहे. तसं नाही. तेव्हा त्याला चारच गोष्टी बघायची मुभा दिली गेली. गोल झाला की नाही, पेनल्टी आहे की नाही, थेट लाल कार्ड, आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड गेलं का. त्यातही चूक ढळढळीत असली तरच हात घालायचा. थ्रो उलटा दिला, तर व्हीएआर गप्प बसतो.

आणखी एक गोष्ट बाहेर फार कुणाला ठाऊक नसते. बॉल बाहेर गेला का, धक्का कुठे लागला, खेळाडू कुठे होता, हे बघायला स्लो मोशन वापरायचं. पण फाउल किती जोराचा होता, किंवा हाताला लागलेला बॉल हँडबॉल धरायचा का, हे ठरवायला नेहमीच्या वेगातली चित्रफीत बघायची. कारण संथ केलं की प्रत्येक हात मुद्दाम पुढे आल्यासारखा दिसतो आणि प्रत्येक टॅकल क्रूर दिसतो. घरी बसून आपण नेमकं उलटं करतो, दहा वेळा संथ करून बघतो आणि मग रेफ्रीला शिव्या घालतो.

2018ची फायनल आठवा. फ्रान्स-क्रोएशिया, फ्रान्सच्या कॉर्नरवर क्रोएशियाच्या पेरिसिचच्या हाताला बॉल लागला. अर्जेंटिनाचा पिताना रेफ्री होता, त्याने पडद्यापाशी जाऊन बराच वेळ बघितलं आणि पेनल्टी दिली. फ्रान्सच्या ग्रीझमानने 2-1 केलं. तीच चित्रफीत मी माझ्याबरोबर काम केलेल्या रेफ्रींना दाखवली, चार जणांनी पेनल्टी म्हटलं, तिघांनी नाही. सातही जण नियम कोळून प्यालेले. तिथे कॅमेऱ्याचा काही दोष नाही, हात 'मुद्दाम' की 'ओघात' हे कॅमेऱ्यात उमटतच नाही. उलट दोह्यातला बॉल बाहेर होता यावर जगात कुणाचंही दुमत नाही. या दोन जातींच्या गोष्टी आपण एकाच टोपलीत घालतो आणि मग व्हीएआर चांगला की वाईट म्हणून भांडतो.

रेषेचा प्रश्न तर वेगळाच सोडवला गेला. 2010च्या वर्ल्ड कपमध्ये जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा बॉल दांड्याला लागून चांगला आत पडला, गोल मिळाला नाही. 2012 साली गोलरेषेच्या तंत्रज्ञानाला मान्यता मिळाली, 2014च्या वर्ल्ड कपला ते आलं. बॉल पूर्ण आत गेला की एका सेकंदाच्या आत रेफ्रीच्या घड्याळावर इशारा. खेळ थांबत नाही, कुणी पडद्यापाशी जात नाही. त्यावर आज कुणी भांडत नाही.

आणि यंत्र असलं तरी माणूस चुकतो. 30 सप्टेंबर 2023, टॉटनहॅम-लिव्हरपूल. लिव्हरपूलच्या लुईस डियाझचा चांगला गोल मैदानावर ऑफसाइड दिला. व्हीएआरच्या खोलीतल्या माणसाने तपासलं, ऑफसाइड नाही हे त्याला दिसलं, पण मैदानावर गोल दिलाय अशी त्याची समजूत झालेली. म्हणून तो म्हणाला, तपासणी पूर्ण. खेळ पुन्हा सुरू झाला, आणि एकदा सुरू झाला की मागे जाता येत नाही. चित्र बरोबर, बोलणं चुकलं.

आता माझं स्वतःचं. नव्वदच्या दशकात म्हापशाजवळ एका सामन्यात मी एक गोल दिला. संध्याकाळी बसस्टँडवर चहा घेत होतो, गोल मारणारा मुलगा आला आणि हळूच म्हणाला, 'सर, हाताला लागला होता.' हरलेल्या संघाचा गोलकीपर सामना संपल्यावर दांड्याला टेकून रडत होता, तो माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. आजही राहतो. त्या मुलाने मैदानावर सांगितलं असतं तर मी आनंदाने निर्णय फिरवला असता. माझ्या कुणी कानात सांगावं असं मला त्या दिवशी फार वाटलं.

पण माझ्या वेळी एक बरं होतं. मला दिसलं नाही तर कुणालाच परत दिसत नव्हतं. तुमच्या फायनलला काय झालं बघा. मेरेवरच्या पाचशे माणसांनी तो गोल पुन्हा पुन्हा बघितला, आणि ज्याने निर्णय द्यायचा तो एकटाच होता ज्याला बघायची परवानगी नव्हती. माझा व्हिडिओला पाठिंबा आहे तो एवढ्यासाठी. गावाला न्याय मिळेल म्हणून कमी, रेफ्रीला एकटं पाडू नये म्हणून जास्त.

फर्मागुढी_मेकॅनिकल

फक्त आकडे देतो. साधा फोन सेकंदाला 30 चित्रं घेतो. बॉल सेकंदाला 20 मीटर वेगाने येत असेल तर दोन चित्रांमध्ये तो सुमारे 67 सेंटिमीटर सरकतो. बॉलचा व्यास साधारण 22 सेंटिमीटर. म्हणजे बॉल रेषेपलीकडे जाऊन परत आला आणि एकाही चित्रात सापडला नाही, असं होऊ शकतं. फोनमध्ये 240 चित्रांची स्लो मोशनची सोय असेल तर तीच वापरा, मग फरक 8 सेंटिमीटरवर येतो. ऑफसाइडच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. 2022च्या वर्ल्ड कपला त्यासाठी छताखाली 12 कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे 29 बिंदू टिपत होते, आणि बॉलमधला सेन्सर सेकंदाला 500 वेळा माहिती पाठवत होता. शेतात दोन फोनवर ते होणार नाही.

डिचोलीकर

सगळ्यांचे आभार. जुनी शिटी, तुमच्या प्रश्नाने मला दोन दिवस सोडलं नाही.

क्लिप काढणारा पोरगा शोधला. तो आंब्याच्या बाजूच्या मेरेवर उभा होता. गोलरेषेच्या सरळ रेषेपासून मैदानाच्या आतल्या बाजूला बारा पावलं. मी पावलं मोजली.

काल संध्याकाळी मुलाला घेऊन शेतात गेलो. गोलपोस्ट अजून काढलेले नाहीत. फक्की पुसट झालीय, ती पुन्हा ओढली. मुलाला दोन दांड्यांच्या मधे गुडघ्यावर बसवलं आणि बॉल गुडघाभर उंचीवर धरायला सांगितला. दोरीला दगड बांधून ओळंबा केला, म्हणजे बॉलचा मधला भाग बरोबर रेषेवर येईल. अर्धा बॉल आत, अर्धा बाहेर. नियमाने गोल नाही, कारण अख्खा बॉल अख्खी रेषा ओलांडून जायला हवा. मग मी आंब्याकडच्या मेरेवर, पोरगा उभा होता तिथेच उभा राहिलो आणि फोन धरला.

फोनमध्ये बॉल आत दिसला. बॉल आणि रेषेच्या मधे मोकळी जमीन दिसली, क्लिपमध्ये दिसते तशीच. मुलाला ओरडून विचारलं, हललास का? तो म्हणाला, नाही बाबा. मी चालत गोलरेषेच्या सरळ रेषेत आलो. पाऊल पाऊल तो बॉल मागे सरकत सरकत रेषेवर येऊन बसला. मी तीन वेळा मेरेवर गेलो आणि तीन वेळा परत आलो.

तो गोल होता की नव्हता, मला आजही सांगता येणार नाही. बॉल कदाचित आत गेलाही असेल. पण त्या क्लिपवरून ते ठरत नाही, आणि आम्ही त्या क्लिपवरून एका मुलाला चोर म्हटलं. मी स्वतः मनात म्हटलं होतं. हा प्रयोग व्हिडिओत काढला आणि आज गावाच्या ग्रुपवर टाकला. ज्याने स्कूटर पाडली त्याचा अजून मेसेज नाही, बाकी पुष्कळांचा आला.

आता पुढच्या वर्षीचं विचारतो. व्हिडिओ लावायचाच, तर नेमका कसा?

जुनी_शिटी

डिचोलीकर, तुम्ही जे केलंत ते फार कमी आयोजक करतात. नमस्कार तुम्हाला.

कसा, ते सांगतो. फिफाने 2024 पासून कमी पैशांची एक पद्धत आजमावायला घेतली, फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट. त्याच वर्षी कोलंबियाच्या 20 वर्षांखालील महिला वर्ल्ड कपला ती वापरली. वेगळी खोली नाही, पडद्यासमोर बसलेले जादा पंच नाहीत. कोचला सामन्यात दोनदा तपासणी मागता येते. मागणी खरी ठरली तर ती शिल्लक राहते, खोटी ठरली तर गेली. रेफ्री स्वतः पडदा बघतो आणि स्वतः ठरवतो. गावासाठी मी याहून कमी करीन. प्रत्येक कॅप्टनला एकदाच मागणी, आणि ती फक्त बॉल रेषेपलीकडे गेला की नाही एवढ्यासाठी. हँडबॉल, धक्का, ऑफसाइड काही नाही, ते रेफ्रीचंच. खेळ पुन्हा सुरू व्हायच्या आत मागायचं.

प्रत्येक गोलरेषेला एक फोन, अगदी सरळ रेषेत, पक्क्या बांबूला बांधलेला, कुणाच्या हातात नको. सामन्याआधी तुमचा कालचा ओळंब्याचा प्रयोग दोन्ही कॅप्टनसमोर करून दाखवा, मगच शिटी. दोन्ही संघांनी आधी सही करायची की मांडवातला पडदा सोडून दुसरी कुठलीही क्लिप पुरावा नाही. पडद्यावर दिसत नसेल, मधे माणसं आली असतील, तर मूळ निर्णय कायम. आणि मडगावची मुलगी म्हणते तसं माइकवरून सांगा, तेही रेफ्रीनेच. आवाज त्याचा ऐकू येऊ दे.

दुसरा हाफ सुरू व्हायच्या आधी फक्की पुन्हा मारायला विसरू नका. पुसलेल्या रेषेवर कुठलाच कॅमेरा काही सांगू शकत नाही.

पूर्व_स्टँड_फातोर्डा

ओळंब्याचा व्हिडिओ बघितला. मी तुमच्या मेरेवर असतो तर मीही त्या रेफ्रीवर ओरडलो असतो, हे मान्य करतो. कतारच्या गोलाबद्दल मात्र माझं मत तेच आहे. तिथे पुरेसे कॅमेरे होते, फक्त बघायचा अधिकार कुणाला दिलेला नव्हता.

डिचोलीकर

जुनी शिटी, तुमचे मुद्दे जसेच्या तसे लिहून समितीपुढे ठेवतो. ओळंबा मी स्वतः धरीन.

रविवारी सत्तरीला जातोय. ज्या संघाचा गोल गेला म्हणतात त्याचा कॅप्टन बरोबर येतो म्हणाला, मी विचारलंही नव्हतं. आरशाचे पैसे पोरांनी वर्गणी काढून जमवलेत. पाकीट कपाटातून काढून खिशात ठेवलंय. त्या मुलाला फोन केला तर त्याने आधी उचलला नाही, मग रात्री त्याचाच आला. त्याने एकच विचारलं, 'काका, तो बॉल खरंच आत होता का?' म्हटलं, येतो तेव्हा मेरेवरून काढलेला व्हिडिओ दाखवतो, तूच बघ.